गोमलीच्या वाट्याची जवारी

याडी, खळ्यावर जवारीची रास पडून आहे आणि कोणी हात लावत नाही. तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. परवा तांड्याचा नायक शाळेत आला, उंबऱ्यावर बसला, पटका काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "मास्तर, यंदा दगडावर तुमी बसा. साऱ्याइचे नावं तुमालेच पाठ हायेत." मी म्हटलं, उद्या सांगतो. काल तो पुन्हा येऊन गेला. मी पोरांना गणितं घालून दिली आणि पाणी प्यायच्या निमित्तानं मागच्या दारानं निघून गेलो. पन्नाशीला आलेला माणूस, आणि नायकाला पाहून पळतो! तू असतीस तर पोटभर हसली असतीस.

नावं पाठ आहेत हे खरं. माझी भीती वेगळी आहे. त्या दगडावर पाठ फिरवून बसावं लागतं, आणि पाच वर्षं झाली, मला कोणाकडे पाठ करून बसवत नाही. काहून, ते तुला सांगायचं राहिलं. तेच सांगायला बसलो आहे. आज रविवार आहे, शाळा रिकामी आहे, तांड्यातली माणसं वावरात गेली आहेत. मधे बोलू नको.

जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्या हिवाळ्यात मी नेरहून सायकलवर तुमच्या तांड्यात आलो. कल्हईवाल्याचा पोरगा, आधी चार गावच्या शाळा करून आलेला, खिशाला फाउंटन पेन, डोक्यात हवा. बायको नेरलाच होती आणि मी शनिवारी घरी जायचो. येऊन आठ दिवस झाले नसतील, तोच देवीच्या वावरातली जवारी निघाली. देवीचं वावर म्हणजे साऱ्या तांड्याचं. सगळ्यांनी मिळून पेरायचं, सगळ्यांनी मिळून कापायचं. खळ्यावर नायक आणि कारभारी ढीग घालत होते, तांड्यात जितकी तोंडं तितके ढीग, आणि तू ढिगांकडे पाठ करून एका काळ्या दगडावर बसली होतीस. नायक एका ढिगावर हात ठेवून विचारायचा, "हा कोनाचा?" तू समोरच्या पळसाकडे पाहत एक नाव घ्यायचीस. ढीग त्या माणसाचा. मग पुढचा. "हा कोनाचा?"

मला मौज वाटली. मग जरा वेळानं रागच आला. विहिरीवाल्या नायकाला एक ढीग, आणि ज्याच्या झोपडीला दार नाही त्यालाही तेवढाच. यवतमाळच्या तुरुंगात बसलेल्या माणसाचं नाव तू घेतलंस. चार दिवसांच्या, अजून बारसं न झालेल्या पोराचा ढीग तू "लालीच्या नव्याचा" म्हणून काढून दिलास. पाठ कशाला फिरवायची, असं मी शेजारच्याला विचारलं, तर तो म्हणाला, तोंड दिसलं की मन इकडंतिकडं होते, म्हणून. आणि तेवढ्यात तुझा आवाज आला, "मास्तरचा."

मी पुढं झालो. म्हटलं, "आजी, मले नको. मले सरकार पगार देते."

तू मान वळवली नाहीस. "पगार तुह्या खिशाले भेटते," म्हणालीस. "तुले पोट नाही का?"

सारं खळं हसलं. माझे कान तापले. ती जवारी रुमालात बांधून घरी नेली आणि आठ दिवस तुझ्याशी बोललो नाही. नवव्या दिवशी तूच शाळेच्या दारात येऊन बसलीस, तंबाखू चोळत, आणि पोरांच्या देखत म्हणालीस, "रुसला का रे छोरा?" त्या दिवसापासून तू मला याडी झालीस. तांड्याच्या बोलीत आईला याडी म्हणतात हेही मला त्या दिवशी कळलं.

मग आपण भांडलो. दहा वर्षं भांडलो. पोरं पाढे म्हणत असायची, तू दारात, मी फळ्यापाशी, आणि वाद चालू. मी म्हणायचो, ज्याच्या घरी आहे त्याला कायले द्यायचं? माझा बाप गरीब होता, तरी वर्षाची जकात, धर्मानं सांगितलेलं दान, काढायचा, आणि ती हक्कदार शोधून त्याच्याच हातात ठेवायचा. आधी शोधायचं, मग द्यायचं. देण्याची रीत ती. तू म्हणालीस, "तुहा बाप चांगलाच होता. पन तुहा अल्ला पाणी पाडते तवा यादी पाहून पाडते का रे?" मी म्हटलं, याडी, देवाधर्माचं मधे आणू नको. तू म्हणालीस, "तूच आनलं."

सोमलाचं तर मला फार लागायचं. दिवसभर मोहाच्या दारूत, संध्याकाळी बायकोशी भांडण, आणि वाटणीच्या दिवशी तोही ओळीत. "त्याला बी?" मी विचारायचो. "त्याले बी," तू म्हणायचीस. "तो पेते, त्याचं पोट थोडीच पेते." फुकट मिळालं की माणूस आळशी होतो, हे मी तुला किती वेळा सांगितलं असेल, त्याचा हिशेब नाही. एकदा तू वैतागलीस. "तं मंग नायक काहून आळशी नाही झाला? विहीर, वावर, बैल, सारं त्याच्या बापानं त्याले फुकटच देलं ना!" नायक तिथंच उभा होता. तो खोकला आणि बैलाला पाणी पाजायला निघून गेला.

तुझ्या लहानपणी शेवटची लदेणी चालली होती, ते तू मला कितीदा सांगितलंस. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून तांडा महिनोन् महिने वाटेवर असायचा. संध्याकाळी मुक्काम पडला की धान्याचे वाटे घालायचे, तोंडाप्रमाणं. आज कोणी किती बैल हाकले, कोण पाय सुजला म्हणून बैलावर बसून आला, कोणी विचारत नसे. "इचारलं असतं तं," तू म्हणायचीस, "लंगडा मानूस रस्त्यातच राह्यला असता. अन् उद्या कोन लंगडन हे कोनाले मालूम?" म्हणूनच तर तू एक ढीग कायम जास्तीचा ठेवायचीस, बिननावाचा, जो वाटसरू येईल त्याचा. मी तुला म्हणायचो, ते दिवस गेले याडी, आता आगगाडी आहे, सरकार आहे. तू म्हणायचीस, "पोट तं तेच हाये."

एकदा मात्र मी गप्प बसलो होतो, आणि तुला ते कबूल केलं नव्हतं. नेरच्या एका सरकी काढायच्या जिनाचा ठेकेदार बायकांना कामाला न्यायला आला. कापसाचा हंगाम जोरात होता आणि तो अर्ध्या मजुरीवर नेऊ पाहत होता. शेजारच्या गावच्या बायका चढल्या त्याच्या गाडीत, काय करतील बिचाऱ्या. तांड्यातल्या बायका उठल्याच नाहीत. लाली म्हणाली, "घरी जवारी हाये. पुरी मजुरी द्या, मंग येतो." तो शिव्या देत गेला आणि तिसऱ्या दिवशी पुरी मजुरी घेऊन आला. मी फुकटची फुकटची म्हणत होतो ती जवारी, तिच्या जिवावर या बायका मान वर करून बोलत होत्या. आळशी कोणी झालं नव्हतं, सगळ्या कामाला गेल्या. मी हे शाळेच्या खिडकीतून पाहिलं. तुला म्हटलं काय, तर "ठेकेदार घाबरट दिसते." एवढंच. हरायची सवय नव्हती मला.

आता त्या वर्षाकडं यावं लागेल.

नवं राज्य झालं त्याच्या पुढच्या साली पाऊस फसला. देवीच्या वावरात कणसं धरली ती बोटभर. रास पाहून नायकाचा चेहरा उतरला. तेव्हा मी पुढं झालो, फाउंटन पेन घेऊन. म्हटलं, सगळ्यांना वाटलं तर कोणालाच पुरणार नाही. ज्याला खरी गरज आहे त्यालाच देऊ, ढीग दुपटीचे होतील. ज्याच्या घरी दाणा नाही त्यानं पंचांसमोर यावं, स्वतःच्या तोंडानं सांगावं, मी नाव लिहितो. खरं बोलायला लाज कसली? विहिरीवाले लगेच म्हणाले, आमाले नको. चांगली माणसं होती सगळी, वाईट कोणीच नव्हतं. माझं गणितही बरोबर होतं, याडी. अजूनही ते मांडून पाहतो, बरोबरच येतं.

तू दगडावर बसली होतीस, नेहमीसारखी पाठ करून. त्या दिवशी तुला कोणी काही विचारणारच नव्हतं, तरी येऊन बसली होतीस. तू म्हणालीस, "तोंड उघडते तो जगते, मास्तर. ज्याचं उघडत नाही त्याचं कसं?" मी म्हटलं, उघडायला काय जाते? तू म्हणालीस, "मंग ज्याले मालूम हाये त्यानं तरी उघडावं." मला वाटलं, म्हातारी हट्टाला पेटली आहे. मी पेनाचं टोपण काढलं.

आता गोमलीचं. तिचा नवरा थावरा दोन वर्षांपासून राजूरच्या कोळशाच्या खाणीत होता. आधी मनीऑर्डर यायची, मग ती बंद झाली. त्या दिवाळीनंतर गोमली शाळेत आली, कडेवर तीन वर्षांची जमी. म्हणाली, "मास्तर, राजूरले कार्ड लिहून द्या." काय लिहू? "लिहा, आमी खुशाल हावो. जमी सारं बोलाले लागली. तुमी कवा येता." घरात काही आहे की नाही, त्याबद्दल एक अक्षर नाही. मी लिहीत असताना जमीनं दौतीत अंगठा बुडवला आणि कार्डाच्या कोपऱ्यावर उमटवला. गोमली तिला मारायला धावली, मी म्हटलं राहू दे, बापाला सही होईल. आम्ही तिघंही हसलो.

महिन्यानं ते कार्ड शाळेच्या कोनाड्यात पडलेलं सापडलं. पोस्टमन टपाल तिथंच टाकून जायचा. कोपऱ्यावर जमीचा निळा अंगठा, आणि वर लाल शाईत, या नावाचा माणूस इथं नाही.

म्हणजे वाटणीच्या आधी पंधरा दिवस मला मालूम होतं. कार्ड मी हजेरीच्या वहीत ठेवलं. आज सांगू, उद्या सांगू. कसं सांगायचं? तुमच्या बायका कानापाशी केसांना चांदीची घुगरी अडकवतात, नवरा आहे तोवर. गोमली घुगरी घालून होती. ती वाटणीच्या दिवशी खळ्याच्या कडेला उभी राहिली आणि मान हलली की घुगरी वाजत होती. एकेक जण पंचांसमोर येऊन सांगत होता, माह्या घरी दाणा नाही. सोमला आला, रडला, त्याचं नाव मी लिहिलं. गोमली आली नाही. तिनं येऊन सांगितलं असतं, तर पंच विचारणारच होते, थावरा कायले पाठवत नाही? तो मेला असं म्हणायचं, की त्यानं टाकलं असं म्हणायचं? काहीही म्हटलं तरी हात घुगरीकडे जाणार. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं. माझ्या कागदावर थावरापुढं लिहिलेलं होतं, राजूर, कमावता.

मी बोलू शकलो असतो. माझाच नियम होता, स्वतः येऊन सांगावं. तो मीच एकीसाठी कसा मोडू, असं मनाला सांगितलं. खोटं आहे ते. तिची घुगरी माझ्या तोंडून उतरायला नको, एवढंच होतं. मी भ्यालो याडी. शिकलेला माणूस भ्याला की त्याला नियम सापडतो.

तू तुझ्या घरातली जवारी घेऊन तिच्याकडे गेली होतीस, ते मला मागून कळलं. तिनं घेतली नाही. म्हणाली, "वाटा असता तं घेतला असता." वैशाखात एका सकाळी तिच्या झोपडीचं दार दोरीनं बांधलेलं दिसलं. कोंबडी लालीकडे सोडून गेली होती. जमीला घेऊन पायी राजूरला निघाली, असं कोणी म्हणालं. नेर कुठं, राजूर कुठं! अख्खा जिल्हा आडवा पडतो मधे, आणि ते ऊन. मी सुट्टीत एसटीनं राजूरला गेलो. खाणीच्या चाळींतून फिरलो, बाजारात विचारलं. एक जण म्हणाला, लेकरू घेतलेली एक लमाणीन दिसली होती. दुसरा म्हणाला, दिसली होती पण लेकरू नव्हतं. तो दुसरा मला आजही भेटतो, झोपेत, आणि तेच सांगतो.

परत आलो तेव्हा तू माझ्या दारात बसली होतीस. मी म्हटलं, सापडली नाही. तू बराच वेळ तंबाखू चोळत राहिलीस. मग विचारलंस, "मास्तर, तुले मालूम होतं का रे, थावरा तिथं नाही ते?"

मी म्हटलं, "नाही."

"बरं," तू म्हणालीस, आणि हात झटकून उठलीस.

तेव्हापासून आहे हे. फळ्याकडे तोंड करून लिहायला लागलो की मागं दारात घुगरी वाजते. वळून पाहतो तर पोरं, आणि दार मोकळं. आता मी फळ्याला आडवा उभा राहून लिहितो. अक्षर वाकडं येतं. साहेब तपासणीला आला, त्यानं शेरा मारला, मास्तरचं अक्षर बिघडलं. माझ्या अक्षराचं तुलाही कौतुक होतं; वाचता येत नव्हतं तरी म्हणायचीस, मुंग्या चालल्यासारखं वाटते.

पुढच्या वर्षी तू उजाडायच्या आत जाऊन दगडावर बसलीस. यादीचं नाव कोणी काढलं नाही, मीही नाही. "हा कोनाचा?" पुन्हा सगळी नावं आली, नायकापासून सोमलापर्यंत. मधेच तू म्हणालीस, "गोमलीचा." आणि पुढच्यावर, "जमीचा." नायकाचा हात तसाच थांबला. तू ओरडलीस, "हात काहून थांबला? पुढं चाल!" ते दोन ढीग तू तुझ्या पदरात भरून नेलेस. दर वर्षी नेलेस. आणि दर वर्षी, त्यांच्यानंतर चार-पाच नावांनी, "मास्तरचा."

तुझ्या तिसऱ्या दिवशी पोस्टमन आला. नेरहून सायकल मारत, टपाल नसताना. तुझ्या दारात बसून रडला. मी त्याला चहा दिला. तो म्हणाला, "म्हातारी मोठी हुशार. ते राजूरचं कार्ड वापस आलं ना, तव्हा शाळा बंद होती. म्या तिच्याजवळ देलं. अंगठा पाहून तिनं लगेच वळखलं, म्हने हे तं आपलंच गेलेलं कार्ड! वापस कायले आलं? म्या म्हटलं, म्या कायले वाचू, मास्तर वाचीन. तं म्हने, हो, मास्तर वाचीन, मास्तर सांगीन. अन् शाळा उघडल्यावर तिनंच तुमच्या कोनाड्यात नेऊन ठेवलं." तो चहा प्यायला आणि गेला. मी कपबशी विसळली, आणि विसळलेलीच पुन्हा विसळली.

म्हणजे तुला मालूम होतं. "ज्याले मालूम हाये त्यानं तरी उघडावं" ते मला होतं. माझ्या दारात बसून तू विचारलंस तेव्हाही मालूम होतं, आणि मी तुझ्या तोंडावर नाही म्हटलं, आणि तू बरं म्हणालीस. आणि त्यानंतर पाच वेळा त्या दगडावरून माझं नाव घेतलंस, सोमलाचं घ्यायचीस त्याच आवाजात. एकदा तरी आवाज बदलायचा होता, याडी! एकदा तरी माझं नाव गाळायचं होतं. मी भांडलो असतो, मग रडलो असतो, सारं बाहेर पडलं असतं.

आणि मला तुझाही राग येतो, सांगून टाकतो. तूही बोलली नाहीस. तू तर कोणाला भीत नव्हतीस. तुला वाचता येत नव्हतं, त्यात काय लिहिलं ते पक्कं ठाऊक नव्हतं, तिची घुगरी तुझ्याही तोंडून उतरायला नको होती, हे मी माझं मीच स्वतःला समजावतो. की माझी वाट पाहत होतीस? मास्तर सांगीन म्हणून? हे विचारायला आता कुठं जाऊ?

पोस्टमन गेल्यावर लालीनं तुझी झोपडी झाडायला काढली. कोपऱ्यात कणगी निघाली, शेणानं लिंपलेली, वर तुझ्या हातचे कडुनिंबाचे डहाळे. आत जवारी, दोन माणसांचं वर्षाचं नाही तरी चार महिन्यांचं होईल एवढी. एकही दाणा किडलेला नाही. मी म्हटलं, पाच वर्षांची जवारी अशी कशी राहील? लाली म्हणाली, "राहीन कशी? दर साली नवी आली का याडी जुनी काढून खाये, अन् नवी भरे. तिची सोताची लेकीच्या घरी धाडे. म्हने, गोमली येईन तं तिले जुनी देऊ का?"

नायकाला निरोप पाठवला आहे. उद्या बसतो म्हणून.

इथवर काल लिहिलं. आज वाटणी झाली.

सकाळी सगळे जमले. मी दगडावर बसण्याआधी हजेरीच्या वहीतून कार्ड काढलं आणि वाचून दाखवलं. आधी गोमलीचं लिहिलेलं, मग लाल शाईतलं. ते माझ्याकडे कधीपासून होतं तेही सांगितलं. तुला नाही म्हटलं तेही. मग थावराची बहीण उठली, "आता सांगून राह्यला?" म्हणाली, माझ्या पायापाशी थुंकली आणि लेकरू उचलून चालती झाली. बरोबर केलं तिनं. बाकीचे उठतील असं वाटलं. नायकानं कार्ड हातात घेतलं, त्या निळ्या अंगठ्याकडे पाहिलं, आणि मला परत दिलं. "बसा मास्तर," म्हणाला, "ऊन चढून राह्यलं."

मी बसलो. समोर तुझा पळस. "हा कोनाचा?" नायकाचा. "हा कोनाचा?" लालीचा. थावराच्या बहिणीचंही नाव घेतलं, ती तिथं नव्हती तरी. मग म्हटलं, "गोमलीचा," आणि मागं घुगरी वाजली. एक नाही, किती तरी. साऱ्या बायकांच्या माना एकदम हलल्या असतील. तसंच असेल. मी वळलो नाही. "हा कोनाचा?" जमीचा.

तुझंही घेतलं. जिवंतपणी तू तुझा वाटा "अन् एक म्हातारीचा" म्हणून घ्यायचीस, मी तसंच म्हटलं. कोणी हरकत घेतली नाही.

वाटसरूचा ढीग बाजूला निघाला आणि तरी नायकानं विचारलं, "हा कोनाचा?" एक उरला होता. सगळी नावं संपली होती, मी मनात दोनदा मोजली. कोणाचा उरला ते मला कळलं आणि माझं तोंड उघडेना. नायकानं पुन्हा विचारलं. गोमली त्या दिवशी खळ्याच्या कडेला अशीच उभी असेल.

मग मागून सोमलाचा आवाज आला. सकाळी सकाळी प्यालेलाच होता, मेला. "मास्तरचा!" तो ओरडला. "काहून, मास्तरले पोट नाही का?"

कोणी हसलं नाही. नायकानं तो ढीग माझ्या रुमालात भरला.

कणगी मी माझ्या खोलीत आणली आहे. सोमलानंच खांदा दिला. गोमलीचा आणि जमीचा नवा वाटा तिच्यात भरला, वर निंबाचे डहाळे ठेवले, आणि जुनी काढून दळून आणली. संध्याकाळी भाकर केली. माझी भाकर तुला माहीत आहे, कडा फाटलेल्या. दार उघडं ठेवून, दाराकडे पाठ करून बसलो. पहिला घास किती वेळ तोंडात फिरत राहिला. जो वाटा मी तिला मिळू दिला नाही, तोच हा. तरी गिळला, याडी. मी खाल्ली नाही तर पुढच्या साली नवीला जागा होणार नाही, आणि गोमली आली तर तिला किडकी द्यावी लागेल.